बाच्या कानातलं मुंबई केंद्र

करंजा, १४ जून १९६६

दादूस,

तीर्थरूप, साष्टांग असं सगळं घालून एक कागद लिहिला होता. वाचून पाहिला तर तो तुला लिहिलाय असं वाटेना, म्हणून फाडला. तुझा पत्ता कसा मिळाला ते आधी सांगते. मिरकरवाड्याचा एक खलाशी मोरा बंदरात उतरला होता. तो सांगत होता, रत्नागिरीला एक करंज्याचा पोरगा होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो, कामाला चांगला आहे पण कुणाशी बोलत नाही. मी म्हटलं, तो आमचाच.

तू गेल्यापासून घरात तुझं नाव निघत नाही. होडी वर ओढून झापांनी झाकलीय. आय सुकी मासळी घेऊन उरणच्या बाजाराला जाते. बा दिवसभर ओट्यावर बसून असतो. त्याचं ऐकणं आणखी कमी झालंय. काल आयने विचारलं, "भाकरी वाढू?" तर म्हणाला, "वारा दखनेचा हाय." आयने भाकरी वाढली. इतकी वर्षं इंजिनाशेजारी उभा राहिला, त्यात कान गेले. डॉक्टरांनी मुंबईहून कानाचं यंत्र आणा म्हणून सांगितलं तेव्हा तो उठून बाहेर निघून आला. वाटेत आयला म्हणाला, "तांडेलाच्या कानात यंत्र दिसलं तर होडीवर कोन चढेल?"

वामनच्या घरावरून जाताना मी मान खाली घालते. त्याची बायको गोजरा दारात बसलेली असते. आधी तुझं नाव घेऊन शिव्या द्यायची. आता देत नाही, नुसती बघते. ते जास्त लागतं. लोक अजून तेच बोलतात, की माघातल्या धुक्यात कौलांचं गलबत अंगावर आलं, गोवर्धन पुढे नाळेवर पहाऱ्याला होता आणि त्याचा डोळा लागला, हाक मारली नाही, म्हणून वामन पाण्यात पडून बुडाला. तू स्वतःच सगळ्या कोळीवाड्यासमोर तसं म्हणालास. बा म्हणाला, "हा माझा पोरगा नाय." मी दाराआड उभी होते. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, पण आज ते विचारायला लिहीत नाहीये.

नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात जाईल. बा म्हणतो, सुकाणू मीच धरणार. मला हे आठवलं की हातातलं काम सुटतं. उठते, विहिरीवर जाते, कळशी न भरताच परत येते.

म्हणून एक विचारते. तुझा जपानी ट्रान्झिस्टर इथेच राहिलाय. त्यातला आवाज मोठा करायचा भाग तेवढा वापरता येईल का? म्हणजे समोरचा माणूस बोलला की ते कानातल्या बोंडात मोठं होऊन यायला हवं. मला तू डाख द्यायला शिकवलंस, तारा सोलायला शिकवलंस, हे नाही शिकवलंस.

तुझ्या अवजारांच्या पेटीला मी हात लावलेला नाही.

जमुना


करंजा, २ जुलै १९६६

दादूस,

तुझं उत्तर नाही. पत्र मिळालं नसेल किंवा मिळालं असेल.

पेटी उघडली. पहिलं पत्र लिहिलं त्याच दिवशी उघडली होती. तुझी डाखाची कांब मी चुलीत तापवते. आय बाजारात गेली की चूल माझी. एकदा ती लवकर आली आणि निखाऱ्यात भाकरीऐवजी कांब बघून तिने कपाळाला हात लावला.

एक बोंड बाच्या कानासाठी आणि दुसरं उलटं जोडून बोलणं आत घ्यायला, असं करून पाहिलं. तुझ्या जुन्या पुस्तकात चित्र होतं त्यावरून. आवाज आला, पण नुसती शिट्टी. दोन्ही बोंडं जवळ आली की अशी किंचाळतात की शेजारच्या सुमित्राबाई विचारायला आल्या, मांजर कुठे अडकलंय का. दुसरं बोंड लांब तारेवर बांधून पाहिलं तर शिट्टी थांबली, पण मग माणसाचं बोलणं विहिरीच्या तळातून आल्यासारखं येतं. सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून पाहिला. तेवढ्याने भागत नाही. माझं कुठे चुकतं ते मला कळत नाही आणि न कळल्याने जेवण जात नाही.

सुमित्राबाईंनी मांजर शोधता शोधता पेटी पाहिली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाचा बंद पडलेला सेट घेऊन आल्या. खाऱ्या हवेने सेलच्या पट्ट्या हिरव्या झाल्या होत्या, खरवडून दिल्या तर वाजायला लागला. आता रोज कुणीतरी येतं. आयला हे आवडत नाही. मोऱ्याच्या एका घरातून मला बघायला येणारेत आणि माझ्या बोटांवर डाखाचे डाग आहेत. हळद लाव म्हणते. हळदीने भाजलेलं बरं होतं, दिसायचं थांबत नाही.

दादूस, तू रागावला असशील तर रागाव, पण त्या शिट्टीचं सांग.

जमुना


करंजा, १६ जुलै १९६६

दादूस,

कार्ड मिळालं. मी ते पालथं करून पाहिलं, पाण्याने काही पुसलं गेलंय का म्हणून उजेडात धरून पाहिलं. पाच ओळी, आणि सगळ्या तारांच्या. बा कसा आहे हेही विचारलं नाहीस. असू दे. ज्याची गरज होती ते आलं.

स्पीकरच उलटा वापर, हे मला कधी सुचलं नसतं. ज्यातून आवाज बाहेर यायचा त्यातूनच आत घ्यायचा. तू लिहिल्याप्रमाणे शेवटचा ट्रान्सफॉर्मर काढून पुढे उलटा बसवला. एकदा तार चुकीच्या टोकाला लागली आणि सगळं गप्प झालं. तेव्हा मी पेटी बंद करून किनाऱ्यावर चालत गेले, द्रोणागिरीच्या पायथ्यापर्यंत गेले असेन. परत येऊन पुन्हा उघडली. मग चूक दिसली.

आता सेट वरून होता तसाच दिसतो. तीच चामड्याची पिशवी, तीच पुढची जाळी. जाळीमागचा स्पीकर माणसाचं बोलणं घेतो आणि बोंडातून कानात देतो. शिट्टी अगदी मोठ्या आवाजाला तेवढी येते.

एक गोष्ट मी माझ्या मनाने केली, तुला विचारलं नाही. बँड बदलायचं जे बटण आहे ना, ते मी मधे घातलं. एका बाजूला केलं की मुंबई केंद्र लागतं, नेहमीसारखं. दुसऱ्या बाजूला केलं की माणसं. कारण बा कानाचं यंत्र घालणार नाही, पण रेडिओ कोण नाही ऐकत? उरणच्या बाजारात निम्मी माणसं कानात बोंड घालून फिरतात.

अजून त्याला दिलेला नाही. रोज पिशवी उचलते आणि परत ठेवते. त्याला कळलं तर तो फेकून देईल, आणि मग दुसरा सेट कुठून आणायचा. पौर्णिमा जवळ येतेय.

जमुना


करंजा, ३० जुलै १९६६

दादूस,

दिला.

म्हटलं, "बा, गोवर्धनदादाचा रेडिओ दुरुस्त केलाय. बातम्या ऐक." तुझं नाव मुद्दाम घेतलं. त्याला ते ऐकू आलं नसावं, किंवा त्याने तसं दाखवलं. बोंड कानात घातलं आणि बटण मुंबईकडे केलं. आवाज मोठा केला तसा त्याचा चेहरा सैल पडला. बऱ्याच दिवसांनी त्याने एक अख्खी बातमी ऐकली असेल.

मग मी पिशवी नीट करते असं दाखवून बटण दुसरीकडे वळवलं. बातम्या गेल्या. तो बटणाकडे हात नेणार इतक्यात मी त्याच्या पाठीमागे गेले आणि नेहमीच्या आवाजात, अगदी तुझ्याशी बोलते तशी म्हटलं, "बा, चहा घेतोस?"

"दे," तो म्हणाला. मान न वळवता.

मी चुलीपाशी गेले, पण माझ्याने चहा टाकवेना. आय विचारत होती काय झालं, आणि मला तिला सांगता येत नव्हतं, कारण आता त्याला ऐकू जाणार. आम्हाला घरात हळू बोलायची सवयच राहिलेली नाही.

सेट खांद्याला लावून बा दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर गेला. पावसाची सर आली तेव्हा सदऱ्यात घेतला. लोक हसतात, म्हणतात, "रामचंद्र तांडेलाला म्हातारपनी गान्याचा नाद लागला." तो हसू देतो. दुकानात दुकानदार म्हणाला, "तांडेल, जरा ते काढा, म्हंजे बोलता येईल." तर हा म्हणतो, "तू बोल, मी दोनी ऐकतो."

मोऱ्याची माणसं येऊन गेली. मुलाच्या मामाने माझी बोटं पाहिली. आय घाईघाईने म्हणाली, चुलीचं भाजलंय. मामाने पिशवीतून एक ट्रान्झिस्टर काढला आणि म्हणाला, "ऐकलंय पोरगी रेडिओ उघडते. हा वाजत नाय." आयचा जीव अर्धा झाला. मी आत नेला, सैल झालेली तार लावली, वाजवून आणून दिला. त्यांनी चहा घेतला आणि कळवतो म्हणाले. मुलाने जाताना विचारलं की तार नेमकी कुठली होती. मला त्याचं नाव लक्षात राहिलं नाही, हे आयला सांगू नकोस.

तू मात्र काहीतरी लिही. तारांचं लिहिलंस तरी चालेल.

जमुना


करंजा, १८ ऑगस्ट १९६६

दादूस,

कार्ड आलं. स्पीकरच्या तारेला मेणाचा हात दे, खारी हवा खाईल, असं लिहिलंस. दिला.

आता मी लिहिते ते नीट वाच. मी दुपारपासून तीनदा बसले आणि उठले.

काल बाच्या होडीवरचा नामदेव आणि गोटीराम आपल्या ओट्यावर जाळं सांधायला बसले होते. बा त्यांच्याशेजारी भिंतीला टेकून, बोंड कानात, डोळे मिटलेले. मी चहा घेऊन आले होते. त्यांना वाटलं त्याचं मुंबई केंद्र लागलंय. बटण कुठल्या बाजूला आहे ते मला दिसत होतं.

गोटीराम म्हणाला, "तांडेल यंदा पन सुकानू धरनार म्हनतो."

"धरू दे," नामदेव म्हणाला. "मी दुसऱ्या होडीवर जानार. मना पोरं हायेत."

"इतकी वर्षं त्याच्याबरोबर गेलास."

"तवा त्याला ऐकू येत व्हतं. अरे, त्या दिवशी गोवर्धननं नाळेवरून केवढी हाक मारली. एकदा नाय, लागोपाठ. मी तांडेलाच्या बाजूला उभा व्हतो, मना ऐकू आली. ह्यानं मानसुद्धा हलवली नाय. मी सुकानूकडं झेपावलो तवर गलबत आलं."

"मंग तू बोलला का नाय?"

"बोलनार व्हतो. गोवर्धननं माझा हात धरला. म्हनला, बाच्या हातनं मानूस गेला हे बाला कळलं तर तो जगायचा नाय. माझ्यावर येऊ दे."

गोटीरामने बाकडे पाहिलं. "हळू बोल."

"तो कुठं ऐकतोय. त्याची गानी चाललीत."

दादूस, मी कप घेऊन उभी होते. एकदा वाटलं जाऊन बटण फिरवावं. बाचा हात पिशवीवर होता. मला वाटलं आता तो फिरवेल. त्याने फिरवलं नाही. ते दोघं पुढे मासळीचं, दोराचं, कायकाय बोलत राहिले आणि तो ते सगळं ऐकत बसला, ते उठून जाईपर्यंत.

मग त्याने बोंड काढलं, सेट माझ्याकडे दिला आणि म्हणाला, "सेल उतरलेत काय बघ. आवाज नीट येत नाय."

मी उघडून पाहिलं. सेल परवाच घातलेले होते. त्याला म्हटलं, "नवे हायेत, बा." तो उठला आणि आत जाऊन पडून राहिला. जेवला नाही.

तू हाक मारली होतीस. मी इतके दिवस विचारलं नाही, आता विचारायची गरज राहिली नाही. पण तू आमच्यापासूनही हे का लपवलंस? आयने तुझे कपडे अजून धुऊन घडी करून ठेवलेत, आणि कितीतरी दिवस गोजराच्या शिव्या ऐकत घरी आलीय. तुझा राग येतोय मला. तू चांगलं केलंस की वाईट ते मला कळत नाही. बा आत आहे आणि सेट माझ्याकडे आहे. तो परत मागेल की नाही, माहीत नाही.

जमुना


करंजा, १ सप्टेंबर १९६६

दादूस,

दोन दिवस त्याने सेट मागितला नाही. मी केलं ते चुकलं असं धरून चालले होते. आयला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "गोवर्धन लहानपनीपन असाच. कुनी फोडलं तरी मीच फोडलं म्हनायचा." आणि मासळी निवडायला बसली. एकच सुकट ती पुन्हा पुन्हा उचलत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाने हात पुढे केला. मी सेट दिला. पिशवी खांद्याला लावून, बोंड कानात घालून तो बाहेर पडला. मी मागे गेले. तो वामनच्या दारात जाऊन उभा राहिला.

गोजरा भांडी घासत होती. आजूबाजूच्या बायका थांबल्या. बा म्हणाला, आणि हळू नाही म्हणाला, "माझ्या पोरानं हाक मारली व्हती. मना ऐकू आली नाय. माझे कान गेलेत. वामन माझ्यामुळं गेला."

असं तो सगळ्यांसमोर म्हणाला. ज्या गोष्टीसाठी तू घर सोडलंस ती त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितली. नामदेव धावत आला होता, तो वाटेतच उभा राहिला.

गोजराने हात धुतले. विचारलं, "आता येतंय ऐकू?"

"येतंय," बा म्हणाला, आणि पिशवीवर हात ठेवला. "ह्यातनं येतंय."

"मंग ऐक," ती म्हणाली.

आणि ती बोलायला लागली. काय बोलली ते मी तुला लिहिणार नाही. ते तिचं होतं आणि बासाठी होतं. खूप वेळ बोलली. वामनचं, तिच्या घराचं, तिने तुला दिलेल्या शिव्यांचं. मध्ये रडली, पुन्हा बोलली. बा तिथेच उभा होता. बटणाला हात लावला नाही, बोंड काढलं नाही. ती थकली तेव्हा तो मान हलवून निघाला. वाटेत त्याने माझा खांदा धरला. त्याचं वजन मला पेलवेना, पण मी थांबले नाही.

नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात गेली. नारळ बाने दिला. मग सुकाणूवरून हात काढला आणि नामदेवला म्हणाला, "तू धर." नामदेवला काय करावं कळेना. "मी जाळ्यावर बसेन," बा म्हणाला. "हाक कोनी मारली तर मना सांग." होडी गेली. मी ती दिसेनाशी होईपर्यंत उभी होते, आणि खरं सांगते, मला वाटत होतं की मीही त्यात असायला हवी होते. कुठेतरी जायला हवं होतं. घरी आले तर दारात तीन ट्रान्झिस्टर घेऊन माणसं बसली होती.

मोऱ्याहून होकार आला. मी आयला सांगितलंय, माझी पेटी माझ्याबरोबर येणार असेल तर. तिने ते त्यांना सांगितलं की नाही देव जाणे. पेटी तुझी आहे, हे मी विसरले नाही. न्यायची असेल तर ये आणि ने.

जमुना


करंजा, २४ सप्टेंबर १९६६

दादूस,

तुझं कार्ड आलं. या वेळी तारांचं काही नव्हतं. "बा काय म्हणतो" एवढंच होतं. मी ते आयला वाचून दाखवलं, मग तिने बाला दाखव म्हटलं. बाला वाचता येत नाही हे ती विसरली असेल किंवा नसेल. मी त्याच्यासमोर बसून, सेटच्या जाळीकडे तोंड करून वाचलं. तो म्हणाला, "कार्डात काय सांगनार."

कोकणची बोट सुरू झालीय. पुढच्या सोमवारी तो भाऊच्या धक्क्यावरून रत्नागिरीला निघतोय. एकटाच. आम्ही कुणी बरोबर येतो म्हटलं तर नको म्हणाला. आयने तुझ्यासाठी सुके बोंबील बांधून दिलेत, ते तो आठवणीने देईल असं नाही, तूच मागून घे. तिथल्या धक्क्यावर ये. बोट लागताना भोंगे वाजतात, तेव्हा त्याला काही सांगू नकोस, त्या गोंगाटात त्याच्या कानात नुसती खरखर होते. बाहेर शांत जागी आण, मग बोल.

ओरडू नकोस. लोकांना वाटतं ओरडलं की बरं ऐकू येईल, त्याने सेट फुटल्यासारखा वाजतो. नेहमीच्या आवाजात बोल, पिशवीच्या समोर उभा राहा. तुझ्याकडे बघत नसला तरी ऐकत असतो. चारचौघांत मात्र तो रेडिओ ऐकतोय असंच दिसेल. कुणी हसलं तर हसू दे, आणि तू त्याला रेडिओ बंद कर म्हणू नकोस.

बोलता बोलता कधी तो बटण मुंबई केंद्राकडे करतो. एखादी गोष्ट सोसवली नाही की करतो, गोजराच्या दारातून आल्यावर दिवसभर त्याने बातम्याच ऐकल्या. तुझ्यासमोरही करेल. तेव्हा उठून जाऊ नकोस. तिथेच बसून राहा. थोड्या वेळाने तो बटण परत माणसांकडे फिरवतो.

जमुना